एलथ्रीक्यूब, पुणे
एलथ्रीक्यूब, पुणे हा विद्यार्थ्यांना व्यावसायिक संशोधकांच्या मार्गदर्शनाखाली संगणकीय संशोधनाचा अनुभव देणारा उपक्रम आहे. मराठीसाठी तयार केलेल्या विदासंचांमुळे तो विशेष ओळखला जातो. २०११च्या जनगणनेनुसार मराठी ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. तरीही यंत्राला शिकवण्याजोगा चिन्हांकित मराठी मजकूर फारच थोडा होता.

२०२१ साली सुमारे १६,००० मराठी ट्विटांचा ‘महासेंट’ हा भावविश्लेषणाचा संच प्रसिद्ध झाला. २०२२ मधील ‘महाएनईआर’ या संचात २५,००० वाक्यांतील व्यक्ती, स्थळे, संस्था, पदनामे इत्यादी हाताने चिन्हांकित केलेली आहेत. हे काम वाटते तितके यांत्रिक नाही. देवनागरीत विशेषनामाची खूण सांगणारे मोठे अक्षर नसते. ‘ठाणे’ हे शहर असते आणि पोलिसांचेही. ‘कल्याण’ हे शहर, राग किंवा केवळ भले असा अर्थ देणारे सामान्यनाम असू शकते. त्यातच ‘ठाण्याहून’सारख्या रूपांत मूळ शब्दही बदलतो. निर्णय संपूर्ण वाक्य वाचूनच घ्यावा लागतो, आणि प्रारूप कोठे चुकेल याची जाण नवख्या संशोधकाला येथेच येते.

२०२२ मध्येच ‘महाकॉर्पस’ या मराठी मजकूरसंग्रहावर बहुभाषिक बर्टला पुढील प्रशिक्षण देऊन ‘महाबर्ट’ हे प्रारूप तयार करण्यात आले. ते सर्वांसाठी खुले आहे.