तीन किलो काच आणि एक पोकळ बैल

गेल्या वर्षी फेब्रुवारीत भिगवणला गेलो, तेव्हा माझ्या पाठीवर भाड्याने आणलेली ५०० एमएम एफ/४ लेन्स होती. वजन तीन किलोच्या वर. उजनीच्या बॅकवॉटरमध्ये सकाळी सातला होडीत बसलो, तेव्हाच खांदा भरून आला होता. समोर रोहित पक्ष्यांचा थवा माना खाली घालून खात होता. शेजारच्या होडीतून कोणीतरी ओरडलं, "अजून जवळ घ्या, उडू देत की!" ती होडी पुढे घुसली आणि अख्खा थवा उठला. पंखांखालचा गुलाबी-काळा रंग उघडला. मला राग आला होता, पण माझं बोट शटरवरून हललं नाही. त्या दिवसातला माझा सगळ्यात चांगला फोटो तोच. लाइक्सही त्यालाच मिळाले.

त्यानंतर स्वतःची लेन्स घ्यायची ठरवलं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी एक्सेल शीट तयार झाली: फोकल लेंथ, वजन, किंमत, ईएमआय. आकडे भरता भरता प्रश्न पडायला लागले. हे एवढं जड का? ते एवढं महाग का? उत्तरं शोधत मी थेट १८४० सालच्या व्हिएन्नात पोचलो.

तेव्हा फोटो काढायचा म्हणजे माणसाला मिनिटं-मिनिटं पुतळ्यासारखं बसवावं लागे, कारण लेन्स फारच कमी प्रकाश आत घेत. योझेफ पेट्झव्हाल या गणिताच्या प्राध्यापकाने ठरवलं, की काच घासून अंदाज घेत बसायचं नाही, आधी गणित करायचं. आकडेमोड इतकी प्रचंड होती, की मदतीला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक दिले गेले. माझ्या भाषेत सांगायचं तर ती एक जिवंत सर्व्हर फार्म होती. त्यातून साधारण एफ/३.६ ची लेन्स निघाली आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं.

पण ती लेन्स माणसांच्या चेहऱ्यांसाठी होती. पक्षी लांब असतो, आणि लांबचं मोठं दिसायला फोकल लेंथ जास्त लागते. साध्या भिंगात फोकल लेंथ वाढली की भिंग आणि प्लेट यांतलं अंतरही तेवढंच वाढतं. कॅमेरा हातभर लांब होतो. १८९१ च्या सुमाराला लंडनमध्ये डालमायर आणि जर्मनीत मीठे व श्टाइनहाइल यांनी वेगवेगळं काम करून एकच उपाय काढला. पुढे प्रकाश एकवटणारी भिंगं, मागे तो थोडा पसरवणारी. असं केलं की लेन्सची लांबी तिच्या फोकल लेंथपेक्षा कमी राहते. टेलिफोटो म्हणजे नेमकं हेच. आपण कुठल्याही लांब पल्ल्याच्या लेन्सला टेलिफोटो म्हणतो, ते सैल बोलणं झालं.

अडचण अशी, की या सुरुवातीच्या टेलिफोटोंमध्ये प्रकाश फारच कमी येई आणि प्लेटही मंद होत्या. हलणारा पक्षी टिपणं जवळपास अशक्य. म्हणून रिचर्ड आणि चेरी कीर्टन या यॉर्कशायरच्या भावांनी दुसरा रस्ता धरला. लेन्स लांबचं आणत नसेल, तर आपणच लपून जवळ जायचं. १८९२ मध्ये त्यांनी घरट्यातल्या अंड्यांचा फोटो काढला. १८९५ मध्ये त्यांचं ब्रिटनमधल्या पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक आलं, सगळी चित्रं फोटोंची. पुढे १९०० मध्ये त्यांनी चक्क बैलाचं कातडं सांगाड्यावर चढवून पोकळ बैल बनवला. आत माणूस आणि कॅमेरा, बाहेर डोकावणारं भिंग.

भारतातही हीच रीत आली. रेल्वेत नोकरी करणाऱ्या लोथर यांचं भारतातल्या पक्षी-छायाचित्रणावरचं पुस्तक १९४९ मध्ये आलं. त्यांचाही भर घरट्याजवळ लपण बांधून बसण्यावर होता.

लपून जवळ जाण्याची किंमत कधी माणसानेही मोजली. १९३७ मध्ये एरिक हॉस्किंग वेल्समध्ये घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणात अंधारात चढत होता. घुबडाने झडप घातली आणि त्याचा डावा डोळा गेला. तो तेव्हा २७ वर्षांचा होता, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. त्याने पक्ष्यांचे फोटो काढणं सोडलं नाही. पण मला त्या घुबडाचंही पटतं. त्याच्या पिलांजवळ रात्री कोणीतरी येत होतं.

यानंतरचा लेन्सचा इतिहास मला एका वाक्यात वाचता येतो: जवळ न जाता जवळचं दिसावं. १९५९ मध्ये निकॉन एफ आला. त्याच्या आरशामुळे लेन्समधून जे दिसतं तेच डोळ्याला दिसू लागलं, आणि लांब लेन्सवर नीट फोकस करणं सोपं झालं. त्याच वर्षी फॉक्टलेंडरची झूमार आली, ३६ ते ८२ एमएम, ३५ एमएमच्या एसएलआरसाठीची पहिली झूम लेन्स. प्रवासात एकच लेन्स घेऊन फिरणारे आपण सगळे तिचे वारस.

लांब लेन्समध्ये आणखी एक भूत होतं: रंग. काच निळा प्रकाश जास्त वाकवते आणि लाल कमी, त्यामुळे बगळ्याच्या पांढऱ्या कडेला जांभळी किनार दिसते. फ्लोराइट या खनिजात हा दोष फार कमी, पण निसर्गात त्याचे मोठे स्वच्छ स्फटिक सहज मिळत नाहीत. कॅननने ते कृत्रिमरीत्या वाढवले आणि १९६९ मध्ये फ्लोराइटची ३०० एमएम लेन्स बाजारात आणली. १९९५ मध्ये कॅननच्याच ७५-३०० मध्ये हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा आली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ही यंत्रणा आपला हात सावरते, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. त्यासाठी वेगवान शटरच लागतं, म्हणजे पुन्हा प्रकाश लागतो.

आणि प्रकाशाचं गणित कोणालाच चुकत नाही. ५०० एमएमला एफ/४ हवं, तर ५०० भागिले ४, म्हणजे प्रकाशाला १२५ मिलिमीटरची वाट हवी. पुढची काच किमान तेवढी, म्हणून तीन किलो. एफ/५.६ वर समाधान मानलं तर ८९ मिलिमीटर पुरतात, प्रकाश निम्मा. कॅननची २०२० ची ६०० एमएम लेन्स एफ/११ ची आहे. वजन ९३० ग्रॅम, पण एफ/४ च्या एक अष्टमांश प्रकाश. भर उन्हात मस्त, जंगलात संध्याकाळी हताश.

माझ्या शीटमध्ये शेवटी उरली निकॉनची २०१८ ची ५०० एमएम पीएफ. यातल्या 'एफ'मागे फ्रेनेल आहे, ज्याची पायऱ्यापायऱ्यांची भिंगं दोनशे वर्षांपूर्वी दीपगृहांसाठी बनली. पीएफच्या एका भिंगावर अतिसूक्ष्म वर्तुळाकार रेषा असतात. त्या रंगांना काचेच्या उलट दिशेने वाकवतात, त्यामुळे दोष एकमेकांना खोडतात आणि कमी काचेत काम भागतं. वजन १,४६० ग्रॅम. सेकंडहँड घेतली. सोबत प्रवासाला एक छोटी झूम. दोन्ही एका पाठपिशवीत बसतात.

या जानेवारीत पुन्हा भिगवण. होडीत बसतानाच दादांना म्हटलं, पक्षी उडतील इतकं जवळ नको. ते म्हणाले, "मग फोटो बारका येणार, सर." म्हटलं, येऊ द्या. थोड्या वेळाने त्यांनीच होडी थांबवली आणि बोट दाखवलं. थव्यातल्या तीन-चार पक्ष्यांनी खाणं सोडून माना वर केल्या होत्या. "इथून पुढं गेलं की उडतात."

आम्ही थोडे मागे आलो. माना परत पाण्यात गेल्या. तो फोटो मी टाकला, फारसा कोणी पाहिला नाही. सगळ्या माना खाली आहेत.