पुलाखालून गेलेली विमाने



आषाढ-श्रावणात नदीला पूर आला की गावच्या पुलावर माणसं जमतात. पाणी कुठल्या पायरीला लागलं, कुणाच्या मळ्यात शिरलं, याची चर्चा चालते. त्या गर्दीतच दोन-चार पोरं कठड्यावर चढलेली असतात. एखादा लाल पाण्यात उडी घेतो. काठावरच्या बायाबापड्या श्वास रोखून धरतात. दूर खाली त्याचं डोकं वर आलं की टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच कठड्यावर त्याच्याहून लहान पोर उभं राहतं. तुम्ही शिक्षक असाल तर तुमच्यापुढे एक अवघड प्रश्न येतो. त्या मुलाला वर्गात काय म्हणायचं? रागवावं तर तो इतरांच्या डोळ्यांत वीर ठरतो. कौतुक करावं तर आणखी चौघं उड्या घेतील.

आज तुम्हाला अशाच धाडसाची हकीकत सांगायची आहे. फरक एवढाच की, ही माणसे पुलावरून उडी मारीत नसत; ती पुलाखालून विमान नेत.

विमानाचा जन्म 1903 सालचा. त्याला आठ वर्षे पुरी होतात न होतात तोच, 27 जून 1911 रोजी, अमेरिकेतील लिंकन बीची या तरुण वैमानिकाने नायगाराच्या धबधब्यावर विमान आणले. आजच्यासारखे बंदिस्त विमान नव्हे बरं का! लाकडाच्या काड्या, कापडाचे पंख, तारांचे ताण आणि त्यात उघड्यावर बसलेला माणूस. हजारो लोक काठावर उभे होते. बीचीने धबधब्याच्या तुषारांतून विमान खाली घातले आणि समोरच्या पोलादी कमानीच्या पुलाखालून ते घळीत नेले. विमान सुखरूप बाहेर आले आणि बीचीचे नाव देशभर झाले. तो पूल मात्र आता नाही. 1938 च्या जानेवारीत नदीतल्या बर्फाच्या रेट्याने तो कोसळला.

पुढच्याच वर्षी इंग्लंडात फ्रँक मक्लीन या गृहस्थांनी 10 ऑगस्ट 1912 रोजी लंडनची थेम्स नदी गाठली. त्यांचे विमान पाण्यावर उतरणारे होते. टॉवर ब्रिज हा लंडनचा पूल दुमजली आहे. खाली रस्ता आणि वर दोन बुरुजांना जोडणारी पादचाऱ्यांची वाट. मक्लीन यांनी या दोहोंमधून विमान काढले आणि पुढचे पूल खालून पार करीत ते वेस्टमिन्स्टरपर्यंत पोचले. परतीच्या वाटेवर मात्र विमानाला अपघात होऊन त्याची मोडतोड झाली.

तुम्ही म्हणाल, नदी एवढी रुंद, पूल एवढा उंच, मग यात अवघड ते काय? न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे उदाहरण घ्या. मधला गाळा सुमारे 1,595 फूट लांब आणि पाण्यापासून उंची सुमारे 130 फूट. त्या काळच्या लहान विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण 30 फूट. कागदावर पाहिले तर जागाच जागा!

पण कागदावर वारा वाहत नाही. पुलाच्या खांबांवर वारा आपटतो, फुटतो आणि त्याचे भोवरे होतात. पुरात खांबामागे पाणी कसे गरगरते ते तुम्ही पाहिलेच आहे. दुसरे म्हणजे, संथ आणि चकाकणाऱ्या पाण्यावरून जाताना आपण किती उंच आहोत याचा अंदाज डोळ्याला येत नाही. पुलाला दोर आणि तारा असतात, त्या लांबून दिसत नाहीत. खालून बोटी जातात, त्यांची डोलकाठी केव्हा आडवी येईल ते सांगता येत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे चूक सुधारायला जागाच नसते. मोकळ्या आकाशात विमान डगमगले तर वैमानिक वर किंवा खाली सरकू शकतो. इथे वर पूल, खाली पाणी. ताशी 60 मैलांनी जाणारे विमानसुद्धा एका सेकंदात 88 फूट कापते. म्हणजे डोळ्याची पापणी लवते तोवर निकाल लागलेला असतो.

पहिले महायुद्ध 1918 मध्ये संपले आणि या कसरतींना ऊत आला. त्याचे कारण साधे होते. युद्धात हजारो तरुण विमान चालवायला शिकले होते; युद्ध संपल्यावर त्यांना काम उरले नाही. सरकारकडची जुनी विमाने स्वस्तात विकायला निघाली. एखादा पोरगा असे विमान घेई, खेड्याजवळच्या कुरणात उतरे, आपल्याकडे डोंबारी खेळ मांडतात तसा आकाशात खेळ मांडी आणि पैसे घेऊन शेतकऱ्यांना फेरी मारून आणी. अटलांटिक महासागर एकट्याने न थांबता ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग हाही आरंभी असाच गावोगाव हिंडत होता. काल एकाने कोलांटी मारली, तर आज दुसऱ्याला पुलाखालून जावेच लागे. नाहीतर गर्दी पांगे. पोटासाठी चाललेल्या या चढाओढीत कित्येक जण मेले. शेवटी 1926 मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि वैमानिकाला परवाना व विमानाला तपासणी आवश्यक ठरली.

या साऱ्या मंडळींत एका मुलीची गोष्ट मुद्दाम सांगतो. तिचे नाव एलिनॉर स्मिथ. वय वर्षे 17. सोळाव्या वर्षीच तिने वैमानिकाचा परवाना मिळवला होता; परंतु ‘पोरीला काय विमान जमणार’ असे म्हणणारे पुष्कळ होते. एका पुरुष वैमानिकाचा पुलाखालून जाण्याचा प्रयत्न फसला आणि वाद वाढत वाढत एलिनॉरवर येऊन ठेपला. तिने पैज स्वीकारली. पण ती लगेच विमानात बसली नाही, हे ध्यानात घ्या. आधी तिने एकेका पुलाचा अभ्यास केला. मग 21 ऑक्टोबर 1928, रविवारच्या दिवशी तिने ईस्ट नदीवरचे चार पूल ओळीने पार केले: क्वीन्सबरो, विल्यम्सबर्ग, मॅनहॅटन आणि ब्रुकलिन. शेवटच्या पुलाशी जहाजे आडवी आली, तेव्हा तिने विमान कुशीवर वळवून वाट काढली. बातमीपटांचे कॅमेरे पुलांवर तयारच होते, त्यामुळे ‘झालेच नाही’ म्हणायला कुणाला तोंड राहिले नाही.

शिक्षाही झाली, पण हलकी. काही दिवस तिला उड्डाणाची बंदी झाली. या मुलीचे मोठेपण मला पुढच्या वर्षात दिसते. 1929 च्या एप्रिलमध्ये ती एकटी 26 तासांहून अधिक वेळ आकाशात राहिली. तिथे ना पूल होता, ना टाळ्या. झोप, थंडी आणि कंटाळा यांच्याशी झुंज होती. 1930 मध्ये अमेरिकेतील वैमानिकांनी तिला सर्वोत्तम महिला वैमानिक म्हणून निवडले. ती 98 वर्षे जगली आणि 2010 मध्ये वारली.

काहींनी पुलाचा उपयोग गाऱ्हाणे मांडण्यासाठी केला. ख्रिस्तोफर ड्रेपर हा पहिल्या महायुद्धातला इंग्रज वैमानिक. युद्धात लढलेल्या शिपायांना देश विसरला, हे त्याचे दुःख. ते दाखवायला तो 1931 मध्ये लंडनच्या पुलांखालून गेला. पुन्हा 5 मे 1953 रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, थेम्सच्या 18 पुलांपैकी 15 पुलांखालून त्याने विमान नेले. तेव्हा तो स्वतः काम शोधीत होता. न्यायाधीशांनी त्याला खर्चापोटी थोडी रक्कम भरायला लावून सोडून दिले. त्यानंतर 5 एप्रिल 1968 रोजी ॲलन पोलॉक या अधिकाऱ्याने लढाऊ जेट विमान टॉवर ब्रिजच्या त्याच दोन मजल्यांमधून काढले. ब्रिटिश हवाई दलाला पन्नास वर्षे झाली तरी सरकारने आकाशातून मानवंदना ठेवली नाही, याचा त्याला राग होता. पुलावरून त्या वेळी दुमजली बस चालली होती. बसमधल्या माणसांचा हवाई दलाच्या मानापमानाशी काय संबंध? विमान सुखरूप गेले. पोलॉकची नोकरी मात्र प्रकृतीच्या कारणावरून संपवण्यात आली.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. ज्या बीचीपासून आपण सुरुवात केली, त्याच्या कसरतींचे अनुकरण करताना अनेक तरुण वैमानिक मेले. 1913 मध्ये त्याने, आपण आता उडणार नाही, असे जाहीर केले. लोक आपले उड्डाण पाहायला नव्हे, मरण पाहायला येतात, असे त्याला वाटू लागले होते. पण गर्दीची ओढ वाईट! काही महिन्यांतच तो परतला. 14 मार्च 1915 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात, हजारो लोकांच्या देखत, त्याच्या विमानाचे पंख तुटले आणि तो समुद्रात बुडून मेला.

बीची निदान स्वतःचा जीव लावून खेळला. 3 फेब्रुवारी 1998 रोजी इटलीच्या डोंगराळ भागात, काव्हालेझे गावाजवळ, अमेरिकन सैन्याचे एक जेट विमान ठरलेल्या उंचीपेक्षा फार खालून गेले आणि रोपवेची तार तुटली. पाळण्यातली 20 माणसे ठार झाली. विमानातले चौघे सुखरूप परतले. वैमानिक मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला. पुढे त्याला सेवेतून काढले गेले ते विमानात घेतलेले चित्रण नष्ट करण्याच्या प्रकरणात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एलिनॉरच्या वेळी बातमीपटाचे कॅमेरे पुलावर होते. आज तो कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. कठड्यावरच्या पोराला बघणारे आता गावापुरते राहिले नाहीत. म्हणून मुलांना नुसतं ‘असं करू नका’ सांगून भागणार नाही. या हकीकती त्यांना सांगा, फळ्यावर पुलाचे आकडे मांडा, सेकंदाला 88 फुटांचं गणित करायला लावा. मग तीन प्रश्न विचारा. या माणसानं आधी तयारी किती केली? त्याची चूक झाली असती तर तिची किंमत कुणी मोजली असती? आणि बघायला कुणीच नसतं, तरी त्यानं हे केलं असतं का?

उत्तरं मुलांनाच देऊ द्या. कदाचित पुढच्या पुरात कठड्यावर चढलेलं एखादं पोर आधी खाली वाकून पाणी न्याहाळील, आणि मुकाट्यानं उतरून येईल. तेव्हा टाळ्या पडणार नाहीत. पण तुम्ही तिथं असलात तर त्याच्या पाठीवरून हात फिरवायला विसरू नका.