ध्वनिमुद्रण, गृहसंगणकावरील : दोष व निवारण

घरच्या संगणकावर मायक्रोफोन, टेपडेक, रेकॉर्ड प्लेअर किंवा वाद्य यांचा आवाज नोंदवताना उद्भवणाऱ्या अडचणी व त्यांवरील उपाय. आवाज अजिबात न येणे, फाटणे, घरघरणे, तुटक येणे आणि भलत्याच पट्टीत वाजणे या तक्रारींत बहुतेक दोष मोडतात. दोष प्रोग्रॅममध्ये आहे असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तो बहुधा त्याच्या अलीकडे, म्हणजे वायर, सॉकेट, संकेताची पातळी किंवा कार्यप्रणालीने परस्पर केलेली उपकरणाची निवड यांत सापडतो. म्हणून तपासणी उगमापासून संगणकाकडे या क्रमाने करावी. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कमी गुणकारी उपाय होय.

पार्श्वभूमी : सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड १९८९ मध्ये बाजारात आले. त्याच मालिकेतील १९९२ चे साउंड ब्लास्टर १६ हे सीडीच्या दर्जाचे, म्हणजे १६ बिटांचे व सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारे होते. इंटेलच्या एसी ९७ (१९९७) व हाय डेफिनिशन ऑडिओ (२००४) या मानकांनंतर ही सोय मदरबोर्डवरच येऊ लागली आणि वेगळे कार्ड घेण्याची गरज बहुतेकांना उरली नाही. विंडोज एक्सपीपर्यंतचा साउंड रेकॉर्डर ६० सेकंदांनी आपोआप थांबे. तो बिघाड नव्हे, मर्यादा होती. ऑडॅसिटी हा विनामूल्य प्रोग्रॅम कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केला. तो २००० मध्ये लोकांसमोर आला.

आवाज न येणे : आधी निवडलेले उपकरण पाहावे. वेबकॅम जोडलेला असल्यास पुष्कळदा त्याचाच मायक्रोफोन चालू राहतो आणि आवाज येतो, पण लांबून आल्यासारखा. हातातल्या मायक्रोफोनवर टिचकी मारली की खरा प्रकार कळतो. विंडोज १० मध्ये २०१८ पासून आणि मॅकवर मोहावे आवृत्तीपासून (२०१८) मायक्रोफोनची परवानगी प्रोग्रॅमला द्यावी लागते. ती नसल्यास मुद्रण चालू दिसते व फाइल मुकी निघते. डेस्कटॉपवर गुलाबी सॉकेट मायक्रोफोनचे, फिके निळे लाइन-इनचे आणि हिरवे स्पीकरचे असते. लॅपटॉपच्या एकुलत्या एक सॉकेटला चार कड्यांची पिन लागते. तीन कड्यांचा मायक्रोफोन तेथे स्प्लिटरशिवाय चालत नाही. एक्सएलआर मायक्रोफोनला ३.५ मिमी. पिनेची तयार वायर लावल्यास डाव्या-उजव्या बाजूंवर परस्परविरुद्ध संकेत जाऊ शकतात. असे मुद्रण हेडफोनवर ऐकू येते, पण मोनो करताच जवळजवळ नाहीसे होते.

आवाज फाटणे : मायक्रोफोनचा संकेत काही मिलिव्होल्ट, तर टेपडेकच्या लाइन-आउटचा सुमारे ०.३ व्होल्ट असतो. हा फरक ध्यानात न घेता डेक थेट लॅपटॉपच्या मायक्रोफोन सॉकेटला जोडला जातो, आणि घरगुती मुद्रणांची सर्वाधिक नासाडी येथेच होते. पडद्यावरील पातळी कमी केल्याने काही साधत नाही, कारण आवाज त्याआधीच्या प्रवर्धकात फाटलेला असतो. फाटका आवाज फक्त हळू ऐकू येतो. शिवाय हे सॉकेट पुष्कळदा मोनो असल्याने स्टिरिओ कॅसेटची एक बाजू गळते. लाइन-इन असलेले यूएसबी उपकरण घेणे हा खरा उपाय. ते नसल्यास डेकच्या हेडफोन सॉकेटमधून अगदी कमी आवाजावर संकेत घ्यावा आणि विंडोजमधील मायक्रोफोन बूस्ट शून्यावर आणावा. अंकीय मुद्रणात शून्य डेसिबलच्या वर काहीच नोंदले जात नाही. तानेचे वा टाळ्यांचे शिखर उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहील अशी पातळी धरावी.

कॅसेट व तबकड्या : मैफली, कीर्तने व नाट्यसंगीत यांच्या घरोघरी पडून असलेल्या कॅसेटींमुळे हा भाग विशेष महत्त्वाचा. हेड व रबरी रोलर आधी साफ करावेत. हेडसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. आवाज दबका येत असल्यास हेडचा कोन शंकास्पद असतो. मोनो ऐकत हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवावा आणि तंबोऱ्याची जवारी सर्वांत स्वच्छ वाजेल तेथे थांबावे. हे काम दर कॅसेटला नव्याने करावे लागते. संगणकावरील ट्रेबल वाढवणे हा त्याला पर्याय नाही. उतरत्या सेलवर मुद्रित झालेली कॅसेट योग्य वेगाने (सेकंदाला ४.७६ सेंमी.) वाजवली तरी पट्टी चढते, ती संगणकावर उतरवता येते, मात्र गायकाची मूळ पट्टी कोणती हे ठरवण्यावर मतभेद होतात. तबकडीसाठी फोनो प्रवर्धक आवश्यक असतो, नाहीतर खर्ज हरवतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला एलपीची सुई लावल्यास ती रुंद खाचेच्या तळाशी घासते व खरखर वाढते. त्यासाठी सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. १९५४ च्या आसपास रूढ झालेले रिआ समकरण (तबकडीवर मुद्रणाच्या वेळी बदललेला खर्ज व तार स्वरांचा समतोल पूर्ववत करण्याचे मानक) या जुन्या तबकड्यांना जसेच्या तसे लागू पडत नाही. कोणते वापरावे याविषयी एकमत नाही. खरखर काढण्याच्या प्रक्रियेत आवाजाचा पोतही जातो, असे काही संग्राहकांचे म्हणणे. मूळ मुद्रणाची प्रत मात्र अस्पर्श ठेवावी.

घरघर : भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने घरघरीत ५०, १०० व १५० हर्ट्झचे सूर आढळतात. लॅपटॉप चार्जरविना चालवून पाहावा; घरघर गेल्यास दोष अर्थिंगच्या वळशात असतो. डेक व संगणक एकाच बोर्डावर लावावेत किंवा मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा प्रघात धोकादायक आहे. माउस हलवताच बदलणारी शिट्टी संगणकाच्या आतून येते. बाहेरचे यूएसबी उपकरण वापरल्यास ती बहुधा जाते.

तुटक आवाज : बफर, म्हणजे नमुने तात्पुरते साठवण्याची जागा, वाढवावा. २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ६, तर १,०२४ नमुन्यांचा सुमारे २३ मिलिसेकंद उशीर करतो. स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्याला दुसरा खटकतो. कॅसेट उतरवणाऱ्याला काहीच फरक पडत नाही.

पट्टी व वेग : ४८,००० नमुन्यांचे मुद्रण ४४,१०० ने वाजल्यास ते सुमारे ८ टक्के संथ होते आणि जवळपास दीड अर्धस्वर उतरते. कार्यप्रणाली व प्रोग्रॅम या दोन्हींत एकच आकडा ठेवावा.

गोंगाट-दमन : झूमसारखे प्रोग्रॅम सलग, स्थिर आवाजाला गोंगाट समजून कापतात. परदेशी शिष्यांना ऑनलाइन शिकवताना तंबोरा मधेच बुडतो तो यामुळे. ‘ओरिजिनल साउंड’ चालू करावे. ब्लूटूथ हेडसेटचा मायक्रोफोन सुरू होताच ऐकू येणारा आवाजही टेलिफोनसारखा होतो. संगीतासाठी तो टाळावा.

फाइल : सीडीच्या दर्जाचे स्टिरिओ मुद्रण मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेते. साध्या वेव्ह फाइलची कमाल मर्यादा ४ गिगाबाइट. दिवसभराचे मुद्रण तुकड्यांत करावे.

लिनक्स : अल्सा, पल्सऑडिओ व पाइपवायर या आवाज हाताळणाऱ्या थरांपैकी कोणत्या थरात आवाज बंद आहे ते पाहावे.