कलायखंज आणि व्हायरसजन्य स्तंभी पक्षाघात

भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात कापणीपूर्वीच उभ्या धानातील ओल्या जमिनीवर लाखोळीचे बी फेकण्याची रीत जुनी आहे. तीस नांगरट लागत नाही, ओलित लागत नाही; इतर पिके बुडाली तरी हे कडधान्य हाती येते. दुष्काळात गरिबांच्या वाट्यास तेच उरे. काही महिने प्रामुख्याने त्यावरच गुजराण करणाऱ्यांपैकी काहींचे पाय ताठरत व ते चवड्यांवर, पुढे काठीच्या आधाराने चालू लागत. आयुर्वेदात या विकारास कलायखंज म्हणतात. भंडारा ज्या मध्य प्रांतात मोडत असे, तेथील १८९६–१९०२ या काळातील प्रादुर्भावाचा अँड्रू ब्युकॅनन यांचा अहवाल १९०४ मध्ये नागपूर येथे प्रसिद्ध झाला. १९६४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व सर्मा यांनी लाखोळीच्या बियांतून ओडॅप हे तंत्रिका-विष वेगळे केले.

पाय ताठरलेला रुग्ण दिसताच लाखोळीकडे बोट दाखविणे अशा प्रदेशात स्वाभाविक आहे. परंतु तेच चित्र लाखोळी कधी न खाल्लेल्यांतही दिसते. क्रुकशँक यांनी १९५६ मध्ये जमेकातील अशा रुग्णांचे वर्णन केले. १९६९ मध्ये के. एस. मणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील तशाच रुग्णांची नोंद केली. कारण मात्र गवसेना. कुपोषण, विषारी अन्न, उपदंश अशा अनेक शंका घेतल्या गेल्या. १९८० मध्ये अमेरिकेत पॉइझ व गॅलो यांनी एचटीएलव्ही-१ हा व्हायरस शोधला, तो एका रक्तविकाराच्या संदर्भात. १९८५ मध्ये गेसँ यांना मार्तीनीक बेटावरील १७ रुग्णांपैकी १० जणांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. पुढच्याच वर्षी जपानमधील कागोशिमा येथे ओसामे यांनी हाच संबंध स्वतंत्रपणे दाखविला.

या व्हायरसाचे मुख्य आश्रयस्थान तंत्रिका कोशिका नव्हे, तर सीडी-४ टी-लसीका कोशिका होय. आपली आनुवंशिक सामग्री तो तिच्या गुणसूत्रात गुंफतो. कोशिका विभागली की तोही वाढतो. म्हणून संसर्ग आजन्म टिकतो. रोग्याच्या रक्तात अशा बाधित कोशिकांचे प्रमाण निरोगी वाहकांपेक्षा सरासरीने कित्येक पट अधिक असते. त्या मेरुरज्जूत, विशेषतः छातीच्या पातळीवरील भागात, शिरतात व इंटरफेरॉन-गॅमा स्रवतात. त्यामुळे तेथील तारकाकार आधारकोशिका सीएक्ससीएल-१० हे प्रथिन सोडतात आणि ते आणखी लसीका कोशिकांना ओढून आणते. दाह असा स्वतःलाच पोसतो. शिवाय प्रतिरक्षेस आवर घालणाऱ्या नियंत्रक टी-कोशिकांचे कार्यही बिघडते.

सीडी-८ मारक कोशिकांविषयी मतभेद आहेत. १९९० मध्ये जेकबसन व सहकाऱ्यांना रोग्यांच्या रक्तात व्हायरसाविरुद्धच्या मारक कोशिका विपुल आढळल्या, तेव्हा त्याच मेरुरज्जूचा नाश करीत असाव्यात असे अनुमान निघाले. मात्र एचएलए-ए२ हा वंशघटक असलेल्यांत रोगाचा धोका कमी असल्याचे कागोशिमातील १९९९ च्या अभ्यासात दिसून आले. तेव्हा या कोशिका व्हायरसास आवर घालतात आणि अपुऱ्या पडल्यावर उतींस इजाही करतात, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. बहुतेक वाहकांना हा रोग होतच नाही; आजन्म धोका सु. ०·२५ ते ४ टक्के इतकाच मानतात.

दोन्ही विकारांतील भेद रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लाखोळी बंद केल्यावर कलायखंज सहसा वाढत नाही, पण झालेली इजा भरूनही येत नाही. व्हायरसजन्य विकार वर्षानुवर्षे हळूहळू बळावतो, मूत्राशयही निकामी करतो. आणि संसर्ग स्तनपान, लैंगिक संबंध व रक्ताधान यांतून इतरांपर्यंत पोहोचतो. आहार बदलून येथे काही साधत नाही. रक्त व मस्तिष्क-मेरुद्रव यांतील प्रतिपिंडांची तपासणी हाच निदानाचा मार्ग होय. जपानने १९८६ च्या अखेरीस सर्व रक्तदात्यांची अशी तपासणी सुरू केली आणि रक्ताधानानंतर उद्‌भवणारे नवे रुग्ण तेथे झपाट्याने कमी झाले.