वाटसरू थांबेल तिथे बाजार

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांच्या व्यापाराचा इतिहास पेठांपेक्षा घाटांनी घडवला. देशावरून कोकणात उतरणाऱ्या वाटा या दोन तालुक्यांतून जातात: शहापुरात थळघाट, म्हणजे आजचा कसारा, मुरबाडात नाणेघाट आणि माळशेज. रहदारी असेल तिथे धंदा होणारच, असे आपण सहज गृहीत धरतो. इथला इतिहास तपासला तर ते अर्धेच खरे ठरते. हंगामी विक्रेता माणसांच्या संख्येवर जगत नाही, त्यांच्या थांबण्यावर जगतो. वाटसरूला जिथे थांबणे भाग पडते तिथे पाल पडते, चूल पेटते; थांबायची गरज संपली की गर्दी दुप्पट झाली तरी पाल उठते.

सर्वांत जुना पुरावा नाणेघाटातला आहे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. त्यात यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणे यांची यादी आहे. अभ्यासकांचे लक्ष या लेखाकडे आणि जकातीचा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या दगडी रांजणाकडे जाते, आणि ते योग्यच आहे. पण बाजाराच्या इतिहासाला त्याहून महत्त्वाची आहेत ती आजूबाजूला खडकात खोदलेली पाण्याची टाकी. कल्याण बंदरातून जुन्नरला निघालेल्या व्यापाऱ्यांच्या आणि गोणीवाल्या बैलांच्या चढणीचा शेवट तिथे होत असे. घाट चढून आलेल्या जनावराला पाणी पाजल्याशिवाय पुढे हाकता येत नाही. म्हणजे मुक्काम व्यापाऱ्याच्या मर्जीवर नव्हता, बैलाच्या दमावर होता. पुढच्या काळात वंजारी तांडे कोकणातले मीठ वर नेत आणि देशावरचे धान्य खाली आणत, तेव्हाही हिशेब हाच होता. पावसात दगडी पायऱ्या निसरड्या होत, गोणीतले मीठ विरघळे. म्हणून दसऱ्यापासून वैशाखापर्यंतच वाट वाहती राही. कडबा, दोरखंड, भाकरी विकणाऱ्यांचा हंगामही तेवढाच.

मग रेल्वे आली. 1853 मध्ये मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि 1865 मध्ये थळघाट चढून रूळ इगतपुरीला पोहोचले. घाट ओलांडणारी माणसे आणि माल यांत किती पटींनी वाढ झाली असेल याची कल्पना करावी. नाणेघाटाचे मात्र त्याच काळात महत्त्व सरले. कुणी म्हणेल, माल रेल्वेकडे वळला, एवढाच त्याचा अर्थ; थांब्याचा संबंध काय? संबंध कसाऱ्याला दिसतो. घाटाच्या चढाला गाडीला जादा इंजिन जोडावे लागते, म्हणून गाडी कसाऱ्याला थांबते. ती खोळंबते तेवढ्याच वेळात फलाटावर चहा, वडे आणि उन्हाळ्यात करवंदे-जांभळे खपतात. त्याच रुळावरच्या ज्या स्थानकांतून लांबची गाडी न थांबता जाते, तिथे हा धंदा रुजला नाही. गाडी तीच, प्रवासीही तेच.

या युक्तिवादाची खरी कसोटी म्हसा इथे लागते. मुरबाड-कर्जत रस्त्यावरच्या या गावात पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वर म्हसोबाची यात्रा भरते. ऐन थंडीत काही दिवसांपुरते एक गावच उभे राहते: बैलांच्या दावणी, घोंगड्यांचे ढीग, भांडी, मिठाई, तमाशाचे तंबू, वेसण-मोरकी-घुंगुरमाळांची दुकाने. बाजार देवामुळे भरतो, हा इथला सरळ आक्षेप, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. पण देव तारीख देतो, मुक्काम देत नाही. पौर्णिमेची यात्रा असलेली देवस्थाने कोकणात थोडी नाहीत. बहुतेक ठिकाणी माणूस नारळ फोडून संध्याकाळी घरी परततो. म्हशाला तो राहतो, कारण बैल असा तासाभरात घेता येत नाही. दात पाहायचे: दोन दाती, चौसा की जुळलेला; चालवून बघायचा, जोडीला जोड मिळते का ते पाहायचे, दलालाच्या रुमालाखाली बोटे दाबत भाव ठरवायचा, इसार द्यायचा आणि तरीही रात्रभर विचार करायचा. विकणाराही घाटावरून पायी आलेला. त्याला एका दिवसात परतणे परवडत नाही. या रेंगाळण्यावरच बाकीची सगळी दुकाने उभी असतात.

तारीखही नीट पाहिली तर शेतकऱ्याच्या सोयीची निघते. पौषात भाताची झोडणी उरकलेली असते, हातात चार पैसे असतात, वाटा कोरड्या असतात. घोंगडी थंडीत विकली जाते, पण कोकणातला कुळंबी, ठाकर वा महादेव कोळी ती घेतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आषाढातली लावणी असते. धनगराला माल खपवायला जानेवारी बरा, गिऱ्हाईकाला जूनची तजवीज हवी. कल्याण-उल्हासनगरच्या पक्क्या बाजारपेठा इतक्या जवळ असताना ही यात्रा उरली कशी, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. पक्क्या दुकानात माल साठवता येतो. शंभर बैल एका रांगेत उभे करून निवडू देणे कोणत्याही दुकानाच्या ताकदीबाहेरचे आहे. म्हणून हंगामी बाजाराला कायम बाजाराची कच्ची आवृत्ती समजणे मला पटत नाही.

ट्रॅक्टर आल्यावर तरी हा बैलबाजार संपायला हवा होता, असा दुसरा आक्षेप घेता येईल. जनावरांची संख्या घटली आहे हे कबूल. 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आली आणि थकलेल्या बैलाला मिळणारी किंमत कोसळली. 2022 मध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगामुळे गुरांचे बाजारच बंद ठेवावे लागले. पण डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी केली, आणि नांगराच्या बैलाहून अधिक चोखंदळपणे निवडल्या जाणाऱ्या शर्यतीच्या बैलाला पुन्हा मागणी आली. ज्या मालाची निवड वेळखाऊ, त्याचा बाजार टिकतो.

माळशेजला तर हंगामच उलटा झाला. शतकानुशतके पावसाळा म्हणजे घाटवाटा बंद. डांबरी रस्ता आणि मोटार आल्यावर आषाढ-श्रावणच गर्दीचा झाला, कारण आता माणसे पाऊस टाळायला नव्हे तर पाहायला थांबतात. कणसे, कांदाभजी, चहाच्या टपऱ्या धबधब्यांच्या वळणांवरच लागतात. सरळ रस्त्यावर टपरी टाकणारा वेडा ठरेल. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली अनेक कातकरी-ठाकर कुटुंबे पावसाच्या तोंडावरच गावी परततात, त्यामुळे हा हंगाम त्यांच्या सोयीचा; पण तो नेमका लावणीच्या दिवसांवर येतो, म्हणजे शेत की टपरी हा प्रश्नही सोबत आलाच. शिवाय अपघातांमुळे प्रशासन धबधब्यांवर बंदीहुकूम काढते. जिवाची काळजी म्हणून तो हुकूम समजण्यासारखा आहे, पण वाहतूक चालू ठेवून थांबणे तेवढे बंद केले की टपरीच्या दृष्टीने रस्ताच बंद होतो.

5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. 701 किलोमीटरचा हा रस्ता शहापूर तालुक्यातून जातो आणि कसाऱ्याचा घाट आठ किलोमीटरच्या बोगद्याने टाळतो. तालुक्याची भरभराट होईल असे सांगताना वाहनांचे आकडे पुढे केले जातात. जमिनींचे भाव वाढतील, गोदामे येतील, हे होईलही. पण या रस्त्यावर दुचाकीला प्रवेश नाही, कडेला गाडी उभी करायला परवानगी नाही, आणि थांबायच्या जागा आधीच आखून दिलेल्या आहेत. तिथले गाळे निविदेने जातात. वैशाखात करवंदांचे द्रोण घेऊन बसणारी बाई निविदा भरणार नाही. तिचे गिऱ्हाईक अजून जुन्या आग्रा रस्त्यावर, चढाला इंजिन तापलेल्या ट्रकपाशी आणि कसाऱ्याच्या फलाटावर आहे.