गेज सिंग्युलॅरिटी: उत्तर अनंत आलं, तर चूक कोणाची?

फोनवर मॅप उघडा. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर, ७३.३ अंश पूर्वेला दिसेल. आता पिन उत्तर ध्रुवावर न्या. रेखांश किती? कोणताही! तिथे सगळे रेखांश एकत्र येतात. पण ध्रुवावर पृथ्वी काही फाटलेली नाही. घोळ आपल्या मोजायच्या पद्धतीत आहे.

क्वांटम फील्ड थिअरीतही असंच होतं.

गेज म्हणजे काय?
विद्युतचुंबकीय क्षेत्राचं गणित 'पोटेन्शियल' वापरून करतात. त्याचे घटक चार, पण फोटॉनची पोलरायझेशन दोनच. म्हणजे वर्णनात जास्तीचा भाग आहे. तो काढायला जी अट घालतो, ती गेजची निवड. निवड कोणतीही असो, प्रयोगात मोजायचं उत्तर बदलता कामा नये.

शून्य कुठे येतं?
क्वार्क-ग्लुऑनच्या गणितात लाइट-कोन गेज सोयीचं पडतं. पण त्यात ग्लुऑनच्या प्रोपगेटरच्या छेदात, आपणच निवडलेल्या दिशेतला संवेगाचा घटक येतो. तो शून्य झाला की संपलं!

उपाय १: योग्य चिन्ह
कोड लिहिताना मीही छेदात ०.०००१ मिळवून वेळ मारून नेलीय. इथे ते चालत नाही. छेदात अगदी छोटी काल्पनिक संख्या मिळवतात, पण अधिक की उणे हे महत्त्वाचं. शून्याच्या दोन्ही बाजू सारख्या धरायची सोपी पद्धत लूपच्या गणितात फसली. मग मँडेलस्टॅम (१९८३) आणि लाइब्रांट (१९८४) यांनी नियम दिला: चिन्ह दुसऱ्या, उलट दिशेतल्या घटकावरून ठरवा. त्यामुळे हे जास्तीचे पोल फाइनमनच्या नेहमीच्या पोलशी जुळतात.

उपाय २: दोन नकाशे
डिरॅकच्या चुंबकीय मोनोपोलमध्ये (१९३१) पोटेन्शियल एका अख्ख्या रेषेवर बिघडतं. वू आणि यांग यांनी १९७५ मध्ये दोन पोटेन्शियल वापरून, मधल्या पट्ट्यात ती गेज बदलाने जोडली. रेषा गायब!

उपाय ३: निवडच नको
विल्सनच्या लॅटिस पद्धतीत (१९७४) मोजता येणाऱ्या राशींसाठी गेज निवडावंच लागत नाही. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये अशी गणितं सुपरकॉम्प्युटरवर चालतात.

लक्षात ठेवा: अनंत दिसलं की आधी गेज बदलून बघा. ते गेलं, तर दोष निवडीचा होता. मोजायच्या उत्तरातही राहिलं, तर मात्र खरा प्रश्न तिथून सुरू होतो.