लेनिनग्राडचं जंगल आणि भिलाईची वही

आजची गोष्ट पोलादापासून सुरू होते, पण ती पोलादाची नाही.

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच वर्षी जूनमध्ये, हजारो मैलांवर लेनिनग्राडला, विताली बियांकी हा मुलांसाठी लिहिणारा लेखक वारला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तो जुळला नंतर, आमच्यासारख्या पोरांच्या हातात.

कारखान्यामागोमाग सोव्हिएत पुस्तकं आली. जाड पुठ्ठा, मोठी रंगीत चित्रं आणि किंमत इतकी कमी, की वडील नाही म्हणायचे नाहीत. मराठी घरांत ती मराठीतूनही यायची. मॉस्कोत बसून अनिल हवालदारांसारखी माणसं अनुवाद करत होती आणि मुंबईचं लोकवाङ्मय गृह ती पुस्तकं विकत होतं. त्यांतला राजकीय प्रचार आम्ही मुलांनी कधी वाचलाच नाही. आम्हाला अस्वलं आणि मुंग्या पुरेशा होत्या.

बियांकीचं खरं काम मला कळलं ते फार पुढं, फौजेत असताना, रशियन शिकलेल्या एका सहकाऱ्यामुळं. बियांकीचे वडील प्राणिसंग्रहालयात, म्हणजे पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात, पक्षिशास्त्रज्ञ होते. मुलगा मात्र जिवंत पक्ष्यांमागं रानात फिरला. यादवी युद्धाच्या काळात अल्ताईतल्या बिस्क गावी त्यानं शाळेत शिकवलं, पुढं अटक आणि हद्दपारीही भोगली. 1928 मध्ये त्याचं ‘लेस्नाया गाझेता’ पुस्तकरूपात आलं. शब्दशः अर्थ ‘जंगलाचं वर्तमानपत्र’. वर्षाचे बारा अंक, त्यांत रानातून आलेल्या तारा, बातम्या, जाहिराती. एक सदर होतं चांदमारीचं! प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं की निशाणा लागला. हे वाचून मी फौजी माणूस किती खूश झालो असेन, तुम्हीच समजा.

पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. या वर्तमानपत्राचे बातमीदार होती मुलं. काय पाहिलं, कुठं, केव्हा, हे मुलांनी लिहायचं. पुढं त्यानं रेडिओवरही रानाच्या बातम्या दिल्या. आयुष्यभर तो पुस्तक पुन्हा पुन्हा दुरुस्त करत राहिला. टेहळणीवर गेलेला जवान परतला की आम्ही त्याला हेच तीन प्रश्न विचारायचो. ‘बरेच होते, साहेब’ या उत्तराला किंमत नसते.

बियांकीचं रानातलं वर्ष 21 मार्चला सुरू होतं, दिवस-रात्र समान होतात तेव्हा. आपल्या सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिकेचा चैत्र 22 मार्चला लागतो. तारखा शेजारी, पण रान अगदी उलटं! त्याच्याकडं तेव्हा बर्फ वितळायला लागलेलं असतं. आमच्याकडं पळस, ज्याला छत्तीसगडीत परसा म्हणतात, तो फुलून ओसरत आलेला असतो आणि मोहाची फुलं टपटप पडत असतात. म्हणजे त्याचं पुस्तक भिलाईत जसंच्या तसं चालत नाही. पाचवीत असताना मी निबंधात लिहिलं होतं, की आमच्या घरामागची झाडं फाल्गुनात पानं टाकतात. पुस्तकात पानगळ दिवाळीनंतर होती, म्हणून गुरुजींनी लाल रेघ मारली. झाड दहा पावलांवर होतं. ती रेघ मला अजून आठवते.

भिलाई मध्य प्रदेशात होती तेव्हाचीच गोष्ट. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत विज्ञान शिकवायचा नवा प्रयोग सुरू झाला. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत तयार उत्तरं नसत, मुलांनी शेताबांधावर हिंडून ती शोधायची. अडलं तर ‘सवालीराम’ला पत्र टाकायचं. सवालीराम नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता, पण पत्रांना उत्तरं जायची! 1978 साली पुण्याच्या टेल्कोतून रजा काढून एक तरुण अभियंता तिथं पोचला, अरविंद गुप्ता. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून खेळणी करणारा हा माणूस पुढं पुण्याच्या ‘आयुका’त मुलांसाठी बसला. होशंगाबादचा प्रयोग 2002 मध्ये बंद झाला.

बियांकीकडं परत येतो. शरद ऋतूत त्याच्या रानातून पक्षी निघून जातात. त्यांतला एक मातकट, चिमणीहून लहान वटवट्या, ब्लाइथ्स रीड वॉर्बलर, हिवाळ्याला भारतात येतो. झुडपात बसून ‘चक् चक्’ करतो, दिसत जवळजवळ नाहीच. म्हणजे जी बातमी लेनिनग्राडच्या पानावर ‘गेला’ म्हणून संपते, ती आपल्या वहीत ‘आला’ म्हणून सुरू होते.

1972 मध्येच भिलाईत भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून मैत्री बाग झाली. लोक तिथं पांढरा वाघ बघायला जातात. मी, माझी सून आणि नऊ वर्षांची नात, आम्ही रविवारी सकाळी पाण्याच्या कडेला जातो. नियम दोनच: नाव येत नसलं तर चित्र काढायचं आणि अंदाजानं आकडा लिहायचा नाही. मला धोबी पक्षी एवढंच ठाऊक होतं. त्याच्या गळ्यावरचा काळा भाग कमी-जास्त होतो, हे नातीनं मला दाखवलं. गेल्या हिवाळ्यातली तिची नोंद: ‘धोबी 2. एक लंगडतो.’

वही मिटताना तिनं विचारलं, ‘‘आबा, हे पाठवायचं कुणाला?’’

मला पटकन उत्तर सुचलं नाही. तेव्हा हा भाग वाचणाऱ्यांना एक काम. नागपूर, इंदूर, बडोदा, बेळगाव, जिथं असाल तिथं यंदा पहिला धोबी कधी दिसला ते मुलांना लिहायला सांगा आणि मला कळवा. तारीख, वेळ, जागा. ‘हल्लीच दिसला’ चालणार नाही.